खान्देशात कॅरव्हॅन पार्क टाकायचाय? वायरिंगची सुरुवात गाडीच्या पायरीपासून करा

माझा मावसभाऊ यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी शेती करतो. केळी आहे, थोडा आंबा आहे. त्याने ठरवलं की बांधालगतच्या दोन एकरात कॅरव्हॅनवाल्यांसाठी जागा करायची, म्हणजे लोक आपली घरासारखी गाडी घेऊन येतील, रात्री मुक्काम करतील, सकाळी सातपुड्यातल्या पाल नाहीतर तोरणमाळकडे निघतील. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते होतंच. मला म्हणाला, "काय भो, दहा सॉकेट तं लावायचे, त्याला किती दिवस लागतीन?" मी वीस-बावीस वर्षं मोटारी, स्टार्टर, घरांची वायरिंग, लग्नाच्या मांडवांची लाईट हेच करतोय, तरी त्याला लगेच हो म्हणालो नाही, कारण त्याच्या आधी एका ठिकाणी (नाव घेत नाही) मला नुसतं "बघून जा" म्हणून बोलावलं होतं आणि तिथे जे बघितलं ते अजून डोळ्यासमोर आहे.

जून होता, पहिला पाऊस पडून गेलेला, जमीन ओली. गाडीत नवरा-बायको आणि एक पोरगी. गाडीच्या आत सगळं व्यवस्थित, एसी चालू, कोणाला काही त्रास नाही. पण पोरगी अनवाणी खाली उतरली, एक पाय चिखलात, एक हात दरवाजाच्या हँडलवर, आणि जोरात ओरडून मागे पडली. नशीब चांगलं की हात सुटला. मी टेस्टर हँडलला लावला तर लख्ख पेटला. मीटर लावलं, बॉडी आणि जमिनीत १९० व्होल्ट. पेडेस्टलचं (सॉकेटच्या खांबाचं) झाकण उघडलं तर सॉकेटच्या अर्थ पिनला वायरच नव्हती, फेज आणि न्यूट्रल तेवढे जोडलेले.

गाडी लोखंडाची आणि रबराच्या टायरवर उभी. आतला एखादा हीटर किंवा जुना फ्रिज लीक झाला (म्हणजे त्याचा करंट बाहेर उतरला) तर सगळी बॉडी करंटमध्ये येते, आणि आत बसलेल्याला काही कळत नाही कारण त्याच्या हाताला आणि पायाला एकच व्होल्टेज असतं. झटका बसतो पायरीवर, एक पाय जमिनीवर ठेवला की. म्हणून मी डिझाईन मीटरपासून सुरू करत नाही, गाडीच्या पायरीपासून सुरू करतो आणि मागे मागे मीटरपर्यंत जातो. खाली त्याच क्रमाने लिहितो.

पण आधी एक सांगतो. इंटरनेटवर आरव्ही पार्कचे (कॅरव्हॅन पार्कचं अमेरिकन नाव) जे ड्रॉइंग सापडतात ते बहुतेक अमेरिकेचे असतात. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ३० आणि ५० अँपिअरची त्यांची वेगळी सॉकेटं, त्यांच्या कोडचं आर्टिकल ५५१. ते इथे उतरवायचं नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, त्यामुळे आपल्याला जवळची पडते ती आंतरराष्ट्रीय आयईसी ६०३६४ ची ७०८ नंबरची पार्ट, ती खास कॅरव्हॅन आणि कॅम्पिंग पार्कसाठीच लिहिलेली आहे. आपलं वायरिंगचं आयएस ७३२ त्याच आयईसी ६०३६४ च्या धर्तीवर आहे, अर्थिंगला आयएस ३०४३, आणि कायदा म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम. काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या, टेस्ट रिपोर्टवर त्याची सही लागते आणि जबाबदारीही त्याचीच असते.

पेडेस्टल, म्हणजे गाडी जिथे प्लग लावते तो खांब

सॉकेट निळं इंडस्ट्रियल घ्या, १६ अँपिअर, तीन पिनचं, फिरवता न येणाऱ्या खाचेचं, आयईसी ६०३०९ चं. घरातलं १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट उघड्यावर लावायचं नाही, त्यात पाणी जातं आणि प्लग ओढला की ढिला होतो. काही देशी गाड्यांना घरगुती प्लगच असतो, त्यांच्यासाठी ऑफिसात दोन-तीन ॲडॉप्टर लीड ठेवा, पण खांबावरचं सॉकेट बदलू नका. वॉटरप्रूफिंग कमीत कमी आयपी ४४ मागतात, मी आपल्या पावसाला आणि धुळीला आयपी ५४ च्या खाली जात नाही. सॉकेटची उंची जमिनीपासून अर्धा ते दीड मीटरच्या मध्ये. पुराचं पाणी जिथे साचतं तिथे दीडकडेच झुका. गाडीचा प्लग लागायच्या जागेपासून खांब २० मीटरच्या आत हवा, कारण गाडीसोबतची केबल साधारण २५ मीटरचीच येते, आणि लांब पडला की लोक मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड लावून तो गवतात टाकतात.

बॉक्स कसला? आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री जातं, लोखंडी पेटीला दुपारी हात लागत नाही. साधं प्लॅस्टिक दोन उन्हाळ्यात पांढरं पडून तडकतं. मी एफआरपीची (फायबरची) पेटी घेतो आणि वर पत्र्याची छोटी छत्री करतो, पेटी आणि छत्रीत चार बोटं हवा खेळायला जागा. केबल ग्लँड खालूनच, आणि ग्लँड बसल्यावर भोकं सीलंटने बंद. नाहीतर पाली आणि मुंग्या शिरतात, मुंग्यांनी कॉन्टॅक्टमध्ये माती भरलेली मी कितीदा तरी बघितलीय.

आता आतला माल. प्रत्येक सॉकेटला स्वतःचा आरसीबीओ (ओव्हरलोड आणि लीकेज दोन्हीला पडणारा ब्रेकर), १६ अँपिअर सी कर्व्ह, ३० मिलिअँपिअर, डबल पोल. इथे मी कोणालाही पैसे वाचवू देत नाही. बरेच जण म्हणतात की मेनला एक आरसीसीबी (फक्त लीकेजला पडणारा) आणि प्रत्येक सॉकेटला एमसीबी (फक्त जास्त करंटला पडणारा) लावला की भागतं. नाही भागत, दोन कारणं आहेत. एक, कोणाच्या गाडीतला गीझर लीक झाला की रात्री दोनला सगळ्या पार्कची लाईट जाते, मग चौकीदार वैतागून आरसीसीबी बायपास करतो, आणि त्या क्षणापासून सगळे उघडे. दुसरं, नियम प्रत्येक सॉकेटला वेगळं संरक्षण मागतो. डबल पोल का, तर न्यूट्रलही कटला पाहिजे, गावात फेज-न्यूट्रल उलटापालट होणं नवीन नाही. आरसीबीओ टाईप ए चा घ्या, टाईप एसी चा नको, कारण हल्लीच्या गाड्यांत चार्जर आणि इन्व्हर्टर असतात, त्यांची लीकेज सरळ साईन वेव्हची नसते.

एमसीबी असताना आरसीबीओ कशाला, हे मावसभावाने पण विचारलं. हिशोब बघा. समजा तुमच्या अर्थपीटचा (अर्थिंगच्या खड्ड्याचा) रेझिस्टन्स १० ओहम आहे, जो खरं म्हणजे बरा आहे. गाडीत फेज बॉडीला लागला तर करंट २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर, प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मरकडचा रेझिस्टन्स धरून त्याहून कमीच. सी कर्व्हचा १६ अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ अँपिअरला तो तासभर पण बसून राहील, तोपर्यंत बॉडी करंटमध्ये. एमसीबी वायर वाचवायला आहे, माणूस वाचवायला आरसीबीओ आहे, तो ३० मिलिअँपिअरला ०.३ सेकंदाच्या आत पडतो आणि मोठ्या लीकेजला ०.०४ सेकंदात.

एका खांबावर चारपेक्षा जास्त सॉकेट नकोत, मी दोनच ठेवतो. आणि एका खांबावरची सगळी सॉकेटं एकाच फेजवर. दोन शेजारच्या गाड्या दोन फेजवर असल्या तर त्यांच्यात ४०० व्होल्ट होतात आणि दोन गाड्यांच्या मध्ये पोरं खेळतात.

अर्थिंग, इथे घाई नको

आमच्याकडे गावात महावितरण फेज आणि न्यूट्रल देतं, अर्थ तुमचा तुम्हालाच करावा लागतो. याला टीटी सिस्टिम म्हणतात आणि कॅरव्हॅनला हीच चांगली. न्यूट्रलवरून अर्थ घ्यायचा नाही, कधीच नाही. गावात काही मिस्त्री अर्थ पिनला आतल्या आत न्यूट्रलचा तुकडा टाकतात, टेस्टर लावला की सगळं ठीक दिसतं, पण ज्या दिवशी डीपीवरून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरून) न्यूट्रल तुटेल त्या दिवशी दहाच्या दहा गाड्यांच्या बॉडी एकदम करंटमध्ये येतील. तसंच उलटं, शेतात फेज गेला की अर्थिंग न्यूट्रल म्हणून वापरून बल्ब पेटवायची सवय आहे, ती या पार्कच्या अर्थिंगवर कोणी केली तर अर्थची वायरच करंट वाहते. मावसभावाच्या गड्यांना मी पीट दाखवून स्पष्ट सांगितलंय की इथे हात लावायचा नाही.

आयएस ३०४३ प्रमाणे पाईप इलेक्ट्रोड कमीत कमी अडीच मीटर लांब. तापीकाठची काळी माती ओली असताना अर्थिंगला फार छान, पण उन्हाळ्यात तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात आणि माती पाईपपासून सुटते. पायथ्याकडे मुरूम आणि खाली काळा पाषाण, तिथे रेझिस्टन्स तसाच जास्त. म्हणून नुसतं मीठ-कोळसा टाकून झाकण लावू नका, मीठ दोन-चार वर्षात पाईप खातं. बेंटोनाईट किंवा तयार अर्थ कंपाउंड वापरा, आणि भेगा पडणाऱ्या मातीच्या खाली ओल टिकते तिथवर इलेक्ट्रोड न्या. मेन पॅनलला दोन पीट, दर दोन खांबांमागे एक पीट, एकमेकांपासून पाच मीटर तरी लांब, आणि सगळे एकाच अर्थ कंडक्टरने जोडलेले. केबलच्या आर्मरवर (वरच्या लोखंडी कवचावर) विसंबू नका, वेगळी कॉपर किंवा जीआय पट्टी खड्ड्यात सोबत टाका.

रेझिस्टन्स मोजायचा तो मे महिन्यात. पावसाळ्यात मोजलेला आकडा बघून खूष होऊ नका.

लोडचा हिशोब

मावसभावाची दहा गाड्यांची जागा, म्हणजे पाच खांब. एका जागेला १६ अँपिअर गुणिले २३०, साधारण ३.७ किलोवॅट, दहाचे ३७. सगळे एकाच वेळी पूर्ण ओढत नाहीत. अमेरिकेच्या कोडमध्ये दहा जागांना ५० टक्के धरतात. मी आमच्याकडे ७० धरतो, कारण मे महिन्यात रात्री दहालाही गरम वारा असतो, सगळ्यांचे एसी पहाटेपर्यंत चालणार आणि सोबत कोणी ना कोणी इंडक्शनवर चहा ठेवणार. म्हणजे २६ किलोवॅट, त्यात बाथरूमचे गीझर, किचन, तीन एचपीची पाण्याची मोटार, रस्त्याचे दिवे मिळून ८. एकूण ३४. म्हणजे कनेक्शन थ्री फेज कमर्शियल, २० ते ५० किलोवॅटच्या गटात.

शेतीच्या मोटारीच्या मीटरवरून हे चालवायचा विचार पण करू नका. एक तर ती लाईट पाळीपाळीने येते. दुसरं म्हणजे विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये हा अनधिकृत वापर होतो आणि दुप्पट दराने वसुली लागते. मीटर वेगळाच घ्या.

फेज वाटताना पाच खांब दोन-दोन-एक असे बसतात, म्हणजे चार, चार आणि दोन गाड्या, आणि ज्या फेजवर दोनच गाड्या आहेत त्यावर किचन आणि गीझर टाकले. तिन्ही फेज ५० ते ६० अँपिअरच्या आसपास आले, म्हणून मेन ६३ अँपिअरचा फोर पोल एमसीसीबी (मोठा ब्रेकर), त्याच्यासोबत ३०० मिलिअँपिअरचं टाईम डिले वालं लीकेज प्रोटेक्शन. डिले असल्यामुळे खालचा ३० चा आधी पडतो आणि मेन जागेवर राहतो.

केबल

दुकानात थ्री फेज म्हटलं की साडेतीन कोर केबल काढून देतात. ५० स्क्वेअर एमएमच्या साडेतीन कोरमध्ये न्यूट्रल २५ चाच असतो. मोटारीला चालतं, कारण मोटारीच्या न्यूट्रलमध्ये काही वाहत नाही. इथे सगळा लोड सिंगल फेज, एका फेजवर चार गाड्या भरलेल्या आणि दुसरा रिकामा असं रोज होणार, वर चार्जर आणि इन्व्हर्टर एसीचं हार्मोनिक न्यूट्रलमध्येच जमा होतं. म्हणून पूर्ण चार कोर घ्या. न्यूट्रल तापून सुटला तर एका फेजवरच्या गाड्यांना ३००-३५० व्होल्ट मिळू शकतात, कोणाचा एसी, कोणाचा टीव्ही, कोणाचा फ्रिज एका मिनिटात जातो. त्यासाठी मेनला ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले पण लावा, पैसे वसूल होतात.

मीटरपासून फीडर पॅनल (जिथून खांबांच्या केबल निघतात) ८० मीटर होतं. ५० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम एक्सएलपीई आर्मर्ड, ६० अँपिअरला व्होल्टेज ड्रॉप साधारण ४ व्होल्ट, म्हणजे २ टक्क्यांच्या आत. एकूण ड्रॉप ५ टक्क्यांत बसवायचा. तिथून सगळ्यात लांबचा खांब ६० मीटर. तिथे कोणी अडीच स्क्वेअर एमएमची वायर ओढली (आणि ओढतात) तर एका १६ अँपिअरच्या गाडीलाच १८ व्होल्ट पडतात, पुढे गाडीच्या स्वतःच्या केबलमध्ये अजून ६. मीटरवर २३० असताना गाडीत २०२. आणि उन्हाळ्यात संध्याकाळी गावात मीटरवरच २०० येतात, मग गाडीत १७२, एसीचा कॉम्प्रेसर नुसता घरघरतो आणि वाइंडिंग जळते. दोन सॉकेटच्या खांबाला १६ स्क्वेअर एमएम कॉपर टाकली तर ३२ अँपिअरला साडेपाच-पावणेसहा व्होल्ट, अडीच टक्के. चालतं. २५ ची ॲल्युमिनियम पण जवळपास तेवढीच पडते, फक्त टोकाला बायमेटल लग (ॲल्युमिनियम-कॉपर जोडणारं टोक) आणि व्यवस्थित क्रिंपिंग हवं. पक्कडने दाबलेला लग चालणार नाही. फीडर पॅनलमध्ये त्या प्रत्येक केबलला ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी.

खड्डा पाऊण मीटर खोल, जिथून गाड्या जातात तिथे एक मीटर आणि एचडीपीई पाईपातून. खाली चार बोटं वाळू, केबल, वर तेवढीच वाळू, त्यावर विटा, त्यावर पिवळी वॉर्निंग टेप. काळ्या मातीत वाळू टाळायचीच नाही, ती माती फुगते, आकसते आणि केबल ओढते, म्हणून दोन्ही टोकांना एक-एक मीटरचा लूप ठेवा. आर्मर्ड केबल यासाठी पण हवी की केळीच्या बागेत घुशी असतात आणि साधी वायर त्या एका रात्रीत कुरतडतात. वाट बदलेल तिथे सिमेंटचा मार्कर. पुढच्या वर्षी ठिबकची लाईन टाकायला जेसीबी येणारच आहे.

जागा आखतानाच वर पण बघा. शेतावरून जाणाऱ्या तारांखाली एकही गाडी नको. गाडीची उंची तीन मीटरच्या आसपास, त्यावर माणूस चढतो, सोलर पॅनल पुसतो, ताडपत्रीचा पाईप उभा करतो, आणि मे महिन्यात तारा अजून खाली झोळतात.

जनरेटर ठेवणार असाल तर चेंजओव्हर फोर पोल घ्या, जनरेटरच्या न्यूट्रलला स्वतःचं अर्थिंग द्या. विजेच्या कडकडाटासाठी मेनला टाईप १+२ एसपीडी (सर्ज प्रोटेक्टर). इलेक्ट्रिक कार या सॉकेटवर चार्ज करू देऊ नका, ती रात्रभर पूर्ण १६ अँपिअर ओढते. तिला वेगळा पॉइंट द्या.

चालू करायच्या आधी

लाईट द्यायच्या आधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) प्रत्येक केबल तपासा, एक मेगओहमच्या खाली असेल तर शोधा कुठे ओल आहे. मेगर करताना एसपीडी आणि रिले सोडवून ठेवा. मग प्रत्येक सॉकेटच्या अर्थ पिनपासून मेन अर्थ बारपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे ना. हे दहाच्या दहा सॉकेटला, एकही न सोडता. त्या पोरीच्या वेळी हीच एक तपासणी राहिली होती. मग पोलॅरिटी, म्हणजे फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना. मग आरसीबीओ टेस्टरने ३० मिलिअँपिअरला आणि पाचपटीला किती वेळात पडतो ते लिहून ठेवा. नुसतं टेस्ट बटण दाबलं तर आरसीबीओ पडतो एवढंच कळतं, अर्थ जोडलेला आहे की नाही ते कळत नाही, बटण अर्थशिवाय पण काम करतं.

शेवटी प्रत्येक सॉकेटला दोन-तीन किलोवॅटचा हीटर लोड एक तास लावा. व्होल्टेज बघा, मग मेन बंद करून टर्मिनलला हात लावून बघा, जो इतरांपेक्षा जास्त गरम तो ढिला. मावसभावाकडे दहापैकी दोन निघाले, दोन्ही न्यूट्रलचे. पिळून घेतले, दुसऱ्या दिवशी परत एक तास लोड लावला, मग थंड होते.

चौकीदारासाठी पॅनलच्या दारावर आतून कागद लावला. महिन्याच्या १ तारखेला सगळी टेस्ट बटणं दाबायची, उन्हाळ्यात आठवड्याला पीटमध्ये पाणी टाकायचं, आणि कोणाचा आरसीबीओ परत परत पडत असेल तर ती गाडी प्लगवरून काढायची, सकाळी मला फोन करायचा. खाली माझा नंबर.